शनिवारचा राउंड हँडिकॅपला धरायचा का? कोल्हापूरच्या एका ग्रुपचं प्रकरण

पार्श्वभूमी

कोल्हापुरात गोल्फ म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "हितं कोण खेळतंय ते?" गाव कुस्तीचं आणि फुटबॉलचं, त्यात काही वाद नाही. पण खेळणारे आहेत. रिटायर्ड आर्मीवाले, डॉक्टर, शिरोली आणि गोकुळ शिरगावचे फाउंड्रीवाले, एखाद-दुसरा वकील, प्राध्यापक. हे प्रकरण अशाच एका ग्रुपचं आहे. घरचा कोर्स नऊ होलचा, तोच दोनदा फिरून अठरा करायचे. क्लबचं नाव, माणसांची नावं देत नाही, आकडेही ओळख पटू नये म्हणून थोडे इकडंतिकडं केलेत पण गणित जसं घडलं तसंच ठेवलंय. मी तेव्हा तिघांच्या हँडिकॅप कमिटीत होतो. बाकीचे दोघं म्हणजे क्लबचे सेक्रेटरी, जे वकील आहेत, आणि एक रिटायर्ड कर्नलसाहेब.

ज्यांना हँडिकॅप माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. दोन वेगवेगळ्या ताकदीच्या खेळाडूंना बरोबरीनं खेळता यावं म्हणून कमजोर खेळाडूला काही फटके सूट मिळते, ती सूट या आकड्यावरून निघते. २०२० पासून यासाठी जगभर एकच पद्धत आली, वर्ल्ड हँडिकॅप सिस्टीम, यूएसजीए आणि आर अँड ए या दोन संस्थांची, आपल्याकडं ती इंडियन गोल्फ युनियनच्या अखत्यारीत चालते. शेवटचे २० राउंड घ्यायचे, त्यातले सगळ्यात चांगले ८ निवडायचे, त्यांची सरासरी म्हणजे हँडिकॅप इंडेक्स. नुसता स्कोअर घेत नाहीत, कोर्स किती अवघड आहे ते बघून त्याचं डिफरन्शियल काढतात. आमच्या कोर्सचं अठरा होलचं रेटिंग (निष्णात खेळाडूला साधारण लागणारे फटके) ६९.४ आणि स्लोप (कमजोर खेळाडूला कोर्स किती जास्त अवघड जातो तो आकडा) ११८ धरा, कुणी ९२ मारले तर ९२ वजा ६९.४, त्याला ११३ नं (हा प्रमाण स्लोप) गुणायचं आणि ११८ नं भागायचं, उत्तर २१.६. तोच माणूस ८४ मारेल तर १४.०.

इथं एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं भांडण तिच्यावर उभं आहे. २० पैकी चांगले ८ घेतात म्हणजे इंडेक्स तुमची सरासरी सांगत नाही, तुमचा चांगला दिवस कसा असतो ते सांगतो. त्यामुळं वाईट राउंड भरल्यानं थेट काही बिघडत नाही, तो फक्त जुना एक राउंड यादीतनं बाहेर ढकलतो. पण चांगला राउंड भरलाच नाही तर आकडा सरळ सरळ खोटा होतो.

नेमकं काय झालं

अण्णा, वय पन्नाशीच्या पुढं, शिरोलीला फाउंड्री, खेळायला दिलदार माणूस. आठवड्यातनं दोनदा-तीनदा कोर्सवर. रविवारच्या मेडल स्पर्धेचं (एकूण फटके मोजायच्या) कार्ड ते नियमानं भरायचे. पुण्याला कामासाठी गेले आणि येरवड्याला पूना क्लबच्या कोर्सवर किंवा बेळगावला खेळले तर तिथलंही भरायचे. शनिवारचं मात्र कधीच नाही. शनिवारी त्यांचा आठजणांचा ठरलेला गट, हरणारे मिसळीचं बिल देणार, आणि सगळे स्कोअर एका वहीत. कधी दोन-दोघांच्या जोडीची मॅच, म्हणजे होलागणिक हार-जीत, कधी प्रत्येकाचं आपापलं स्टेबलफर्ड, म्हणजे होलागणिक स्कोअरप्रमाणं पॉइंट.

वार्षिक ट्रॉफीच्या दिवशी अण्णांचा इंडेक्स २१.४ होता. आमच्या कोर्सवर त्याचे कोर्स हँडिकॅप २२ होतात, आणि वैयक्तिक स्ट्रोक प्लेला (स्टेबलफर्डही त्यातच येतं) ९५ टक्के धरतात म्हणून खेळायला २१ मिळाले. अण्णांनी ४४ पॉइंट काढले. आपल्या हँडिकॅपला धरून खेळलेल्या माणसाचे साधारण ३६ होतात. दुसऱ्या नंबरला ३९. बक्षीस घेताना टाळ्या पडल्या, पण पार्किंगमध्ये बोलणं सुरू झालंच. "शनिवारी तर अण्णा पंच्याऐंशीच्या आत असत्यात की, मग एकवीस कसले घेत्यात?" एकानं ग्रुपवर बँडिट (हँडिकॅप मुद्दाम फुगवून जिंकणारा) असा शब्द टाकला, तासाभरानं डिलीट केला, पण तोवर सगळ्यांनी वाचला होता आणि अण्णांनीही.

सिस्टीमनं आपलं काम केलं होतं. त्या दिवसाचं डिफरन्शियल १३.० आलं, म्हणजे इंडेक्सपेक्षा ८.४ नं कमी, आणि ७ ते ९.९ इतका फरक पडला की तो राउंड एक्सेप्शनल धरून आपोआप आणखी एक कापला जातो, १० किंवा जास्तीला दोन कापतात. नवीन इंडेक्स १९.२ आला. काहीजण म्हणाले झालं की, कापला गेला, आता विषय संपवा. पण विषय तो नव्हताच. विषय होता शनिवारच्या वहीचा.

अण्णा एकटे नव्हते हेही सांगायला पाहिजे. सर म्हणून एक रिटायर्ड प्राध्यापक आहेत, त्यांचं बरोबर उलटं. चांगला राउंड झाला की लगेच मोबाईलवर भरणार, वाईट झाला की "आज नुसती प्रॅक्टिस होती". इंडेक्स ११ च्या आसपास, खेळ पंधरा-सोळाचा. कधीच काही जिंकत नाहीत म्हणून कुणी तक्रार करत नाही, पण जोडीच्या स्पर्धेत त्यांच्या पार्टनरचं नुकसान होतं ते कुणी मोजत नाही. आणि डॉक्टर मॅडम, ज्यांना ओपीडीमुळं फक्त दुपारी नऊ होल मिळतात, त्यांनी वर्षभरात जवळजवळ काहीच भरलं नव्हतं कारण नऊ होल धरतच नाहीत असं त्यांना कुणीतरी सांगितलेलं.

म्हणजे तीन माणसं, तीन वेगळी कारणं, आणि तिघांचे आकडे चुकलेले.

कुठले पर्याय समोर होते

कमिटी बसली तेव्हा सेक्रेटरींचं पहिलं मत होतं की फक्त स्पर्धेचे राउंड धरा, बाकीचं सोडून द्या. मार्कर (स्कोअर लिहिणारा सोबती) असतो, कार्डावर सह्या असतात, प्रत्येक पट (ग्रीनवरचा, होलाजवळचा हलका फटका) होलात घालावा लागतो, भांडणच नको. ऐकायला स्वच्छ वाटतं. पण आमच्याकडं महिन्यातनं दोन मेडल, त्यातलं एखादं पावसात जातं, लोक लग्नसराईत गायब, मग २० राउंड व्हायला वर्ष-दीड वर्ष जाणार आणि इंडेक्स दीड वर्षापूर्वीच्या माणसाचा राहणार. शिवाय अण्णांच्या प्रकरणात तर नेमकं हेच झालेलं! स्पर्धेत त्यांचा हात आखडतो, शनिवारी मोकळा सुटतो, आणि आपण फक्त आखडलेला हात मोजत बसलो.

दुसरा पर्याय, सगळंच धरा. नियमाप्रमाणं राउंड धरण्यासारखा व्हायला काही साध्या अटी आहेत: गोल्फच्या नियमांनी खेळलेला, रेटिंग झालेल्या कोर्सवर, मान्य असलेल्या फॉरमॅटमध्ये, कमीत कमी नऊ होल, आणि सोबत दुसरं कुणीतरी पाहिजे, एकट्यानं खेळलेला चालत नाही. या अटींत बसलं की शनिवार असो नाहीतर मंगळवार, मिसळीवर असो नाहीतर ट्रॉफीवर, काही फरक पडत नाही. अडचण फॉरमॅटची. स्क्रॅम्बल (सगळ्यांनी मारून त्यातला चांगला बॉल घ्यायचा) किंवा दोघात एक बॉल असलं काही धरत नाहीत हे सरळ आहे, पण मॅच प्लेचं प्रत्येक देशाची संघटना ठरवते. अमेरिकेत धरतात, इंग्लंडमध्ये समोरासमोरची मॅच धरत नाहीत.

आणि मॅचमध्ये गिमी, म्हणजे न मारताच गेला असं धरलेला छोटा पट. तीन फुटांवर बॉल आला की "उचला उचला" होतं. जिथं मॅच धरतात तिथं यासाठी मोस्ट लाइकली स्कोअर काढायची रीत आहे. पाच फुटांच्या आत असाल तर एक फटका वाढवायचा, पाच फूट ते वीस यार्डात असाल तर दोन किंवा तीन, त्याच्या पलीकडं तीन किंवा चार. रीत चांगली आहे पण त्याच दिवशी, त्याच ग्रीनवर उभं राहून आकडा लिहिला तर. चार महिन्यांनी वही उघडून कुठल्या ग्रीनवर बॉल किती लांब होता हे कोण सांगणार?

तिसरा पर्याय कर्नलसाहेबांचा. राउंड धरायचा की नाही हे पहिल्या टीवर (जिथनं होल सुरू होतो तिथं) बॉल मारायच्या आधी ठरवायचं, नंतर नाही. "गडी वजनाला उभारला की काटा दाखवेल ते वजन. काटा बघून, हे धरू नका, उद्या परत करतो, असं म्हणता येत नाही." मला हे तिथंच पटलं आणि आजही पटतं. राउंड कसा झाला हे कळल्यावर निवडायची मुभा ठेवली की प्रामाणिक माणूससुद्धा नकळत आपल्या सोयीचं निवडतो. अण्णांचं आणि सरांचं दुखणं तसं एकच, एकाला आकडा मोठा बरा वाटतो, एकाला लहान.

उरला शिक्षेचा विषय. मुद्दाम स्कोअर दडवला असं दिसलं तर कमिटी पेनल्टी स्कोअर लावू शकते, टोकाला जाऊन इंडेक्स काढूनही घेता येतो. ग्रुपमधल्या दोघा-तिघांना हेच पाहिजे होतं, आणि ट्रॉफीही परत.

ठरलं काय, आणि कसं

पहिला निर्णय असा की अण्णांना विचारल्याशिवाय काहीही करायचं नाही. खेळाडूला कळवणं आणि बोलायची संधी देणं हे नियमातही आहे, पण नसतं तरी तेच बरोबर होतं. सेक्रेटरी वयानं लहान, तेच अण्णांच्या ऑफिसात गेले. फोनवर किंवा ग्रुपवर नाही.

"अण्णा, तुमी शनिवारचं कार्ड का भरत नाही?"

"आरं ते कोण मोजतंय? मिसळीवरनं खेळतोय आमी. मी काय चोरी केली काय?"

"चोरी म्हणत नाही अण्णा. पण वहीत तुमचे स्कोअर बघा की जरा."

अण्णांनी स्वतः वही काढून दिली. माझ्या मते सगळ्या प्रकरणातला हा सगळ्यात महत्त्वाचा क्षण, कारण दडवायचं असतं तर वही मिळालीच नसती. त्यांना मनापासून वाटत होतं की पैज लावून खेळलेला राउंड मजेचा, आणि मजेचा राउंड हँडिकॅपला लागत नाही. हे त्यांना दहा वर्षांपूर्वी ज्यानं सांगितलं तो आता क्लबातही नाही. म्हणून पेनल्टी स्कोअरचा विषय आम्ही तिथंच बंद केला. हेतू सिद्ध होत नाही तिथं शिक्षा लावली की पुढच्या वेळी कुणी वही देत नाही.

दुसरा निर्णय, वहीतले कुठले राउंड आत घ्यायचे. यावर दोन संध्याकाळी गेल्या. जोडीच्या मॅचचे सगळे राउंड बाजूला ठेवले, फॉरमॅटचा प्रश्न होताच आणि गिमीमुळं निम्म्या होलांचे आकडे अंदाजाचे. ज्या शनिवारी आपापलं स्टेबलफर्ड खेळलं होतं, होलवार स्कोअर लिहिलेत आणि सोबतच्यांनी हो म्हटलं, तेवढेच घेतले. स्टेबलफर्डमध्ये पॉइंट गेले की बॉल उचलतात, तिथं अडचण येत नाही, कारण हँडिकॅपसाठी एका होलचा जास्तीत जास्त स्कोअर नेट डबल बोगी एवढाच धरतात, म्हणजे पार (त्या होलचे ठरलेले फटके) अधिक दोन अधिक त्या होलवर मिळणारी सूट. ते राउंड त्यांच्या त्यांच्या मूळ तारखेला बसवले, आज खेळल्यासारखे वर नाही. उशिरा आलेला स्कोअर असाच बसवायचा असतो.

गणित झाल्यावर जे दिसलं त्यानं सगळ्यांचीच तोंडं बंद झाली. ट्रॉफीच्या सकाळी अण्णांचा खरा इंडेक्स १७.४ असायला पाहिजे होता. म्हणजे खेळायला २१ ऐवजी १७ मिळाले असते. चार फटके कमी, ४४ चे साधारण ४० पॉइंट. दुसरा नंबर ३९ वर! म्हणजे नशीब अगदीच फिरलं नसतं तर ट्रॉफी तरीही त्यांचीच होती. आणि १७.४ च्या माणसाला १३.० चं डिफरन्शियल हा चांगला दिवस असतो, चमत्कार नव्हे, त्यामुळं तो राउंड एक्सेप्शनल ठरला नसता आणि तो जादाचा एक फटकाही कापला गेला नसता. जुने राउंड बसवल्यावर ती कपात निघाली आणि स्पर्धेनंतरचा इंडेक्स १६.८ आला. राउंड जगावेगळा नव्हता, आकडाच फुगलेला होता.

ट्रॉफीला हात लावला नाही. त्या दिवशीचा अधिकृत इंडेक्स तोच होता आणि स्पर्धा बंद झाली होती. यावर एकाचं मत अजून वेगळं आहे आणि त्याला ते ठेवायचा हक्क आहे.

तिसरा निर्णय पुढच्या राउंडांचा. ठरलं असं की अटींत बसणारा प्रत्येक राउंड धरायचाच. कुणाला खरोखर प्रॅक्टिस करायची असेल, दोन बॉल घेऊन फिरायचं असेल, चार ठिकाणाहून चिपिंग करायची असेल, तर पहिल्या टीच्या आधी स्टार्टरच्या (खेळाडूंना कोर्सवर सोडणारा क्लबचा माणूस) रजिस्टरला तसं लिहायचं. लिहिलं नाही तर राउंड मोजला जाणार, आणि स्कोअर त्याच दिवशी रात्री बाराच्या आत भरायचा. शनिवारच्या गटानं आपणहून मॅच सोडून स्टेबलफर्डवर पैज लावायला सुरुवात केली. गिमी बंद. सुरुवातीला कुरकुर झाली, दोन फुटांचा पट चुकायला लागल्यावर तर जास्तच.

सरांनी पावसाळ्याचा मुद्दा काढला आणि तो फालतू नव्हता. जून ते सप्टेंबर आपल्याकडं फेअरवे भिजलेला, बॉल पडला तिथंच रुततो, स्कोअर वाढणारच. त्या दिवसाच्या हवामानाची भरपाई सिस्टीम स्वतः करते, पण त्यासाठी त्या दिवशी त्या कोर्सवर ३६ किंवा कमी इंडेक्सवाल्या कमीत कमी आठ जणांचे स्कोअर लागतात. आमच्यासारख्या लहान क्लबात रविवार सोडला तर आठ कार्डं कुठली यायची? सरांचं म्हणणं, मग पावसाळा सोडा. आम्ही नाही म्हणालो. बॉल उचलून पुसून ठेवायची परवानगी देऊन खेळलेला राउंडही धरतात, आणि चांगले ८ च घेत असल्यानं पावसातले वाईट स्कोअर बहुतेक गळूनच जातात. शिवाय इंडेक्स किती चढावा यालाही लगाम आहे. वीस राउंड झालेल्या माणसाचा मागच्या ३६५ दिवसांतला सगळ्यात कमी इंडेक्स धरतात, त्याच्या ३ वर गेलात की पुढची वाढ निम्मी, आणि ५ च्या वर काहीच नाही.

पुढं काय झालं

अण्णा आता १५ आणि १७ च्या मध्ये फिरत असतात. पहिले दोन महिने ते ट्रॉफीचा विषय निघाला की गप्प बसायचे, मग हळूहळू सुटलं. ज्यानं तो शब्द ग्रुपवर टाकला होता त्यानं माफी मागितली, सगळ्यांसमोर.

सरांचा इंडेक्स ११ वरनं चौदाच्या पुढं गेला. त्यांना ते लागलं, हे मी बघितलंय. बऱ्याच वर्षांनी माणूस आपला आकडा सांगताना अडखळत होता. पण त्याच दिवाळीच्या स्पर्धेत त्यांना दुसरा नंबर मिळाला.

डॉक्टर मॅडमचं सगळ्यात सोपं असायला पाहिजे होतं आणि तेच अडकलं. नऊ होलचा स्कोअर धरतात, आणि २०२४ पासून तर दुसऱ्या नऊची वाटही बघावी लागत नाही, तुमच्या इंडेक्सवरनं उरलेल्या नऊचा अपेक्षित आकडा घेऊन लगेच अठराचं डिफरन्शियल तयार होतं. पण त्या दुपारी एकट्या खेळतात, सोबत फक्त कॅडी, म्हणजे बॅग उचलणारा. कॅडी सोबत असणं म्हणजे एकटं खेळणं नव्हे, अमेरिकन संघटनेच्या मार्गदर्शनात तर हे स्पष्ट आहे. पण कर्नलसाहेब आणि सेक्रेटरी दोघंही हे राउंड धरायला नाही म्हणाले. कारण कॅडीची रोजची कमाई त्याच खेळाडूकडनं येते, सहा पडले तर पाच लिही म्हटल्यावर तो बिचारा नाही कसा म्हणणार. मुद्दा खरा आहे. पण मग नियम केला तो अशा माणसासाठी जो खोटं बोलेल, आणि बसला अशा बाईंवर ज्या बोलत नाहीत.

परत करायचं झालं तर

जुने राउंड आत घेताना आम्ही फक्त अण्णांचे घेतले. त्याच वहीत बाकीच्या सात जणांचेही स्कोअर होते. तक्रार एकाची आली म्हणून तपासणी एकाची झाली, आणि ते अण्णांनी बोलूनही दाखवलं. वही उघडलीच होती तर आठही जणांचे आकडे त्याच बैठकीत बसवायला पाहिजे होते, दोन दिवस जास्त गेले असते एवढंच.

दुसरं, वर्षातनं एकदा सगळ्या मेंबरांचे इंडेक्स तपासावेत अशी अपेक्षा सिस्टीममध्येच आहे. ते आधीपासून होत असतं तर रविवारचे स्कोअर आणि शनिवारची चर्चा यातला फरक कुणाच्यातरी नजरेत आला असता, आणि हे सगळं ट्रॉफीच्या आधी, चहावर मिटलं असतं. आता ही तपासणी दर मार्चला ठेवलीय.

कॅडीचं मात्र राहिलंय. मी कमिटीला लेखी दिलंय की राउंड सुरू करायच्या आधी रजिस्टरला नोंद, नवव्या होलवर स्टार्टरला कार्ड दाखवणं, आणि महिन्यातनं एखादा राउंड दुसऱ्या मेंबरसोबत, एवढ्यावर कॅडीसोबतचे राउंड धरावेत, आणि स्कोअरच्या वादावरनं कुठल्याही कॅडीचं काम जाणार नाही हे क्लबनं लिहून द्यावं. कर्नलसाहेब पहिल्या तीन गोष्टींना तयार आहेत, चौथीवर सेक्रेटरींना क्लबच्या मॅनेजिंग कमिटीची परवानगी लागते. मार्चच्या बैठकीत तो विषय पहिला घेतलाय आणि मॅडमना बोलावलंय.